गृहनिर्मित विमानाची तपासणी

हौशी व्यक्तीने किंवा लहान गटाने स्वतःच्या शिक्षणासाठी व छंदासाठी घरी, गॅरेजमध्ये वा भाड्याच्या शेडमध्ये बांधलेल्या विमानाची, बांधकामाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर, बांधणाऱ्याखेरीज अन्य जाणकाराकडून केली जाणारी पाहणी. विमानाच्या कारखान्यात अभिकल्प (आराखडा) करणारा, प्रत्यक्ष बांधणारा आणि तपासणारा या तीन वेगळ्या व्यक्ती असतात. त्यांचे अधिकारही एकमेकांपासून स्वतंत्र ठेवलेले असतात. घरी बांधलेल्या विमानाच्या बाबतीत ही तीनही कामे बहुधा एकाच माणसाकडे येतात आणि पुढे तोच त्या विमानाचा वैमानिकही होतो. तज्ञ-तपासणीचा हेतू या तिहेरी व्यवस्थेतील तिसरी व्यक्ती परत आणणे हा होय.

या तिसऱ्या व्यक्तीची गरज बांधणारा अकुशल असतो म्हणून निर्माण होते, असे नाही. महिनोन्‌महिने एकाच सांध्यावर काम केलेल्या माणसास तो सांधा जसा व्हावा असे मनात होते तसा दिसतो. तो प्रत्यक्षात जसा झाला आहे तसा दिसेलच असे नाही. उलटी बसविलेली वायसर, घालावयाची राहिलेली कॉटर पिन किंवा काठाच्या फार जवळ पाडलेले छिद्र नवख्या नजरेस क्षणात खुपते, पण रोजच्या नजरेस ते सवयीचे झालेले असते. म्हणून अनुभवी विमान-अभियंतेही स्वतःच्या कामावर दुसऱ्याची नजर फिरवून घेतात.

इतिहास : विमानविद्येच्या प्रारंभी सर्वच विमाने एका अर्थी गृहनिर्मित होती. ऑर्व्हिल व विल्बर राइट या बंधूंनी १९०३ मध्ये उडविलेले विमान त्यांच्या सायकलींच्या कार्यशाळेत तयार झाले. ब्राझीलचे आल्बेर्तू सांतुस द्यूमाँ यांच्या ‘द्म्वाझेल’ या छोट्या विमानाचे आराखडे हौशी लोकांसाठी खुले करण्यात आले होते. हौशी बांधकामाची पहिली मोठी लाट मात्र फ्रान्समधील आंरी मीन्ये यांच्या ‘पू-द्यू-सिएल’ या विमानामुळे आली. १९३३ मध्ये उडालेल्या या विमानाची कृती मीन्ये यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. खोकी जोडता येणाऱ्या कोणालाही ते बांधता येईल, अशा विश्वासाने फ्रान्समध्ये व ब्रिटनमध्ये शेकडो लोक कामाला लागले.

लवकरच या विमानांचे प्राणघातक अपघात होऊ लागले. विमान नाक खाली करून सूर मारी आणि वैमानिकाने दांडा मागे ओढला तरी सावरत नसे. १९३६ मध्ये पूर्ण आकाराच्या विमानाची वातविवरात परीक्षा करण्यात आली, तेव्हा कारण उमगले. या विमानास एकामागे एक असे दोन पंख असून पुढच्या पंखाचा कोन बदलून विमान वर-खाली नेले जाई. विमान विशिष्ट कोनापलीकडे खाली झुकले की, दोन पंखांमधील फटीतून जाणारा हवेचा झोत मागच्या पंखाची उत्थापक प्रेरणा वाढवी आणि विमान अधिकच खाली वळे. वैमानिक सुटकेसाठी जी कृती करी, तीच सूर अधिक तीव्र करी. ब्रिटनमध्ये या विमानाच्या उड्डाणांवर बंदी घालण्यात आली.

या प्रकरणातून मिळालेला धडा आजही उपयोगी आहे. मृत्युमुखी पडलेल्या अनेकांची सुतारकी निर्दोष होती. दोष अभिकल्पात होता. ‘आराखड्याप्रमाणे बांधले आहे काय’ आणि ‘आराखडा बरोबर आहे काय’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सांध्याजवळ उभे राहून देता येते. दुसऱ्याचे उत्तर गणित, भारपरीक्षा व उड्डाणपरीक्षा यांखेरीज देता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी बांधकाम संघटित झाले. ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये स्थापन झालेल्या आणि हल्ली लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने अभिकल्पाची छाननी करणारा अभियांत्रिकी विभाग आणि गावोगावी असणारे मान्यताप्राप्त तपासनीस अशी दुहेरी व्यवस्था उभी केली. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. तेथे शासकीय निरीक्षक पूर्वी बांधकाम चालू असतानाही भेट देत. १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत मागे पडली व शासकीय तपासणी मुख्यत्वे अखेरच्या टप्प्यावर आली. मधल्या भेटींची जबाबदारी या संस्थेच्या अनुभवी, विनामूल्य काम करणाऱ्या तांत्रिक सल्लागारांनी उचलली. कॅनडात पंख व धड झाकण्यापूर्वीची तपासणी सक्तीची आहे.

मूलतत्त्व : सर्व पद्धतींचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. जे झाकले जाणार आहे, ते झाकण्यापूर्वी तपासले पाहिजे. विमानाचा पंख वरून पत्र्याने, कापडाने किंवा प्लायवुडने मढविला की, त्यातील मुख्य तुळई, फासळ्या, नियंत्रणाच्या तारा व इंधनाच्या नळ्या दृष्टीआड होतात. काही भागांपर्यंत पुढे झरोक्यांतून आरशाने वा लवचिक दुर्बिणीने पोहोचता येते. पण डिंकाने चिकटलेल्या सांध्याची आतली बाजू किंवा दोन पत्र्यांमध्ये गंजरोधक लेप दिला होता की नाही, हे बाहेरून कळत नाही. अशा वेळी शंका फेडण्याचा एकमेव मार्ग पंख उसविणे हा असतो आणि तो कोणासच नको असतो. म्हणून तपासनिसास बोलाविण्याची वेळ बांधणाऱ्याने काम सुरू करतानाच ठरवावी लागते.

तपासणीचे टप्पे : (१) माल. पहिली पाहणी बांधकामाच्याही आधी, आणलेल्या मालाची होते. विमानास लागणारा ॲल्युमिनियमाचा मिश्रधातू आणि बाजारात मिळणारा साधा ॲल्युमिनियमाचा पत्रा दिसण्यात सारखेच असतात, बलात मात्र त्यांच्यात मोठे अंतर असते. म्हणून प्रत्येक पत्र्याबरोबर उत्पादकाचे परीक्षण-प्रमाणपत्र असावे लागते आणि कापलेल्या तुकड्यांवर मूळ खुणा पुन्हा उमटवून ठेवाव्या लागतात. हीच गोष्ट बोल्टांची. अमेरिकी विमान-मानकाच्या पोलादी बोल्टाच्या माथ्यावर फुलीसारखी उठावाची खूण असते. हार्डवेअरच्या दुकानातील बोल्टावर ती नसते. लाकडी विमानासाठी स्प्रूससारख्या लाकडात धाग्यांचा कल १५ भागांत १ भागाहून अधिक नसावा आणि २·५ सेंमी. जाडीत किमान ६ वर्षवलये असावीत, असा दंडक आहे. गाठी, राळेचे कप्पे व दाबाने आलेल्या आडव्या सुरकुत्या असलेली फळी बाद ठरते.

(२) झाकण्यापूर्वीची रचना. धातूच्या विमानात रिव्हेटांची पाहणी प्रमुख असते. ठोकून तयार झालेल्या रिव्हेटाच्या डोक्याचा व्यास तिच्या दांडीच्या व्यासाच्या सुमारे दीडपट व उंची निम्मी असावी. म्हणजे ३·२ मिमी. जाडीच्या रिव्हेटाचे डोके सुमारे ४·८ मिमी. रुंद व १·६ मिमी. उंच भरले पाहिजे. छिद्राच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंतचे अंतर रिव्हेटाच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावे. ते कमी पडल्यास ताणाखाली पत्रा तेथून फाटतो. छिद्रांच्या कडांवरील बारीक कूस काढलेली नसेल, तर तिच्यापासून पुढे तडा सुरू होऊ शकतो. चुकलेली रिव्हेट काढताना छिद्र मोठे होते, म्हणून ती तशीच ठेवणे कित्येकदा काढण्यापेक्षा बरे असते. कोणती ठेवावी व कोणती काढावी हा निर्णय अनुभवाने येतो आणि नवख्या बांधणाऱ्यास तपासनिसाचा खरा उपयोग येथेच होतो.

लाकडाच्या व संमिश्र पदार्थांच्या बांधकामात सांधा न मोडता त्याचे बल कळत नाही. त्यावर नमुना-तुकड्याचा उपाय योजतात. प्रत्येक वेळी कालविलेल्या डिंकाने मुख्य सांध्याबरोबरच दोन भंगार तुकडे चिकटवून ठेवतात व ते वाळल्यावर मोडून पाहतात. लाकूड फाटले आणि डिंकाची रेषा शाबूत राहिली, तर सांधा चांगला. डिंकाच्या रेषेतूनच तुकडे सुटले, तर त्या दिवशीचे सर्व काम संशयास्पद ठरते. काचतंतू व एपॉक्सी रेझीन यांच्या थरांत हवा राहून पोकळी झाली असल्यास नाण्याने हलके ठोकून आवाजावरून ती ओळखता येते. भरीव जागी खणखणीत, तर पोकळ जागी बद्द आवाज येतो. या प्रकारच्या बांधकामाकडे संशोधनसंस्थांनीही लक्ष दिले. बंगलोर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘लाँग-ईझेड’ या हौशी बांधकामासाठीच्या अभिकल्पावर आधारलेले संमिश्र पदार्थांचे हलके विमान १९८७ मध्ये उडविले. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात वितळजोडकामाचा (वेल्डिंगचा) नमुना-तुकडा उभा कापून, जोड मुळापर्यंत पोहोचला आहे काय ते पाहतात.

(३) नियंत्रणे. प्रत्येक झडप पूर्ण अंतर फिरते, कोठेही घासत वा अडकत नाही आणि योग्य दिशेने फिरते, हे पाहणे आवश्यक असते. दिशेची चूक अशक्य वाटते, तरी एलेरॉनांच्या (पंखांच्या टोकांकडील हलत्या झडपांच्या) तारा उलट जोडल्या जाऊन अपघात झाले आहेत. यासाठी एक सोपी खूण वापरतात. नियंत्रण-दांडा मुठीत धरून अंगठा सरळ वर ठेवावा. दांडा ज्या बाजूस कलतो, त्या बाजूस अंगठा झुकतो आणि त्याच बाजूचा एलेरॉन वर उचललेला असला पाहिजे. ब्रिटिश पद्धतीत नियंत्रणाचा कोणताही भाग सोडून पुन्हा जोडला की, दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे तपासून सही करण्याचा प्रघात आहे.

(४) एंजिन व इंधनव्यवस्था. येथे नजरेपेक्षा मोजमाप महत्त्वाचे असते. विमानाचे नाक चढाईच्या कोनात उचलून, टाकीत कमीत कमी इंधन ठेवून, एंजिनापाशी नळी सोडून ठराविक वेळात किती इंधन येते ते मोजतात. केवळ गुरुत्वाने पुरवठा होत असल्यास हा प्रवाह पूर्ण शक्तीच्या खपाच्या दीडपट आणि पंपाने होत असल्यास सव्वापट असावा. ताशी ३० लि. इंधन लागणाऱ्या एंजिनास गुरुत्व-पुरवठ्यात ताशी ४५ लि. प्रवाह मिळाला पाहिजे. टाकीचे हवाछिद्र, गाळणी, एंजिनाच्या उष्ण भागाजवळून गेलेली नळी आणि एंजिन व बैठक यांमधील अग्निरोधक पडदा यांकडेही तपासनीस विशेष लक्ष देतो. नव्या विमानाचे एंजिन बंद पडण्याचे कारण पुष्कळदा एंजिनात नसून त्यास इंधन पोहोचविणाऱ्या व्यवस्थेत असते.

(५) वजन व गुरुत्वमध्य. पूर्ण झालेले विमान उड्डाणाच्या स्थितीत समतल ठेवून तीनही चाकांखाली वजनकाटे देऊन तोलतात व गुरुत्वमध्याचे स्थान गणिताने काढतात. तो ठरविलेल्या मर्यादेच्या मागे गेला, तर विमान अस्थिर होते आणि वेग मंदावून उत्थापक प्रेरणा ढासळल्यास त्यास सावरणे कठीण जाते. आराखड्यात नसलेला रंगाचा एक थर, जाड गाद्या किंवा शेपटीकडे बसविलेली बॅटरी एवढ्यानेही हे स्थान सरकते.

(६) अखेरची तपासणी. सर्व झाकणे काढून, आसने उचलून विमान उघड्या स्थितीत दाखवितात. प्रत्येक नट कुलूपबंद आहे काय, बोल्टाचा किमान एक आटा नटाबाहेर आला आहे काय, उपकरणांवर मर्यादांच्या खुणा व कळींवर नावे आहेत काय, हे पाहून मगच उड्डाणपरीक्षेस परवानगी मिळते. अमेरिकेत त्यानंतरची परीक्षा-उड्डाणे ठराविक क्षेत्रात करावी लागतात. एंजिन व पंखा यांची जोडी प्रमाणित असल्यास साधारणतः २५ तास आणि नसल्यास ४० तास ही उड्डाणे चालतात. या काळात विमानात प्रवासी नेता येत नाहीत.

अभिकल्पाची तपासणी : सिद्ध झालेल्या संचापासून (किटपासून) विमान बांधल्यास अभिकल्पाची जबाबदारी संच करणाऱ्या कंपनीने व आधी उडालेल्या विमानांनी पेललेली असते. स्वतःच्या अभिकल्पाचे विमान बांधणाऱ्यास ती स्वतः सिद्ध करावी लागते. त्यासाठी भारपरीक्षा घेतात. सर्वसाधारण वर्गातील लहान विमानाची रचना त्याच्या वजनाच्या ३·८ पट भार कायमचा वाक न येता आणि त्याच्याही दीडपट भार न मोडता सहन करणारी असावी, असा दीर्घकाळ मान्य असलेला संकेत आहे. ६०० किग्रॅ. वजनाच्या विमानास याचा अर्थ अनुक्रमे २,२८० व ३,४२० किग्रॅ. असा होतो, त्यातून पंखांच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब वेगळा करावा लागतो. ही परीक्षा करताना पंख उताणा ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात. वाळूचा भार खाली जात असल्याने, उड्डाणातील वर ढकलणाऱ्या प्रेरणेचे अनुकरण होण्यासाठी पंख उलटा करावा लागतो. पिशव्यांची मांडणी मुळाकडे अधिक व टोकाकडे कमी, म्हणजे हवेच्या प्रत्यक्ष दाबासारखी असावी लागते. ही मांडणी अगोदर तज्ञाकडून तपासून घेतली नाही, तर परीक्षेचा निष्कर्ष फसवा ठरतो.

भारतातील परिस्थिती : भारतात विमानाची नोंदणी व उड्डाणयोग्यता यांची जबाबदारी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे आहे. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. हौशी बांधकामाची परंपरा येथे क्षीण राहिली आहे. ब्रिटनप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यांत तपासनीस असणारी हौशी बांधणाऱ्यांची संघटित यंत्रणा भारतात उभी राहिलेली नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाचे आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी स्वतःच्या अभिकल्पाचे सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांसमोर आले. व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची अनुमती ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. धुळे येथील धावपट्टीवर २०२० मध्ये त्याची उड्डाणपरीक्षा झाली. प्रदर्शनापासून नोंदणीपर्यंत सुमारे पावणेदोन वर्षे आणि नोंदणीपासून उड्डाणाच्या अनुमतीपर्यंत जवळजवळ दोन वर्षे लागली.

या कालावधीकडे दोन बाजूंनी पाहता येते. विमान नव्या अभिकल्पाचे होते. तयार संचाप्रमाणे आधी उडालेल्या शेकडो भावंडांचा दाखला त्यास नव्हता. म्हणून नियंत्रकाने सावध राहणे स्वाभाविक होते. दुसरीकडे, तपासणीची सर्व वाट विमान पूर्ण झाल्यावर सुरू झाली, तर बांधणाऱ्याच्या वाट्यास केवळ प्रतीक्षा येते आणि नियंत्रकाच्या वाट्यास आतून न पाहिलेली बंद रचना येते. दोघांनाही उपयुक्त असा उपाय म्हणजे पहिली तुळई कापण्याआधीपासून टप्प्याटप्प्याने होणारी व कागदावर उतरणारी तपासणी. ज्या देशांत हौशी विमानबांधणी रुजली, त्यांपैकी अनेक ठिकाणी अशी मधली पायरी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आढळते.

औद्योगिक पट्ट्यातील साधने : विमान-तपासनीस दुर्मिळ असले, तरी तपासणीची कला महाराष्ट्रास अपरिचित नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) पुण्याच्या वायव्येस पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी व पुढे चाकण येथपर्यंत वाहन-उद्योगाचा पट्टा विस्तारला. आकुर्डीतील बजाज ऑटो व पिंपरीतील टेल्को (आताची टाटा मोटर्स) यांसारख्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या असंख्य लहान कार्यशाळा तेथे उभ्या राहिल्या. यंत्रण, उष्णता-संस्करण, मुलामा देणे, पत्राकाम व वितळजोडकाम यांच्या सोयी आणि धातूचे रासायनिक पृथक्करण, कठिनता व ताणबल मोजणाऱ्या प्रयोगशाळा तेथे थोड्या अंतरात सापडतात. चुंबकीय कण, रंगद्रव व श्राव्यातीत ध्वनितरंग यांच्या साहाय्याने, वस्तू न मोडता तडे शोधणारे तंत्रज्ञही तेथे आहेत. आकुर्डीत विमान बांधू पाहणाऱ्यास तपासणीच्या अनेक कामांसाठी फार दूर जावे लागणार नाही.

तथापि वाहन-उद्योगाची तपासणी आणि एकट्या विमानाची तपासणी यांत एक मूलभूत फरक आहे. कारखान्यात पाळी सुरू होताना यंत्रावरून निघालेला पहिला नग (कार्यशाळेच्या भाषेत ‘फर्स्ट पीस’) कसून मोजतात. तो मान्य झाला की, पुढच्या शेकडो नगांतून ठराविक संख्येने नमुने उचलून तपासतात. दोष आढळला, तर सगळी खेप अडवितात. गृहनिर्मित विमानात खेप नसते. त्याचा प्रत्येक भाग हाच पहिला व हाच शेवटचा नग असतो. त्यामुळे नमुना-तपासणीचे संख्याशास्त्र येथे लागू पडत नाही आणि प्रत्येक भाग तपासावा लागतो. जेथे तो मोडल्याशिवाय कळत नाही, तेथे सोबत केलेला नमुना-तुकडा मोडावा लागतो.

वाहनासाठी योग्य असलेली प्रक्रिया विमानास घातकही ठरू शकते. उच्च बलाच्या पोलादी भागास विद्युत्-पद्धतीने जस्ताचा मुलामा देताना धातूत हायड्रोजन शिरतो व भाग ठिसूळ होतो. तो काही दिवसांनी, स्थिर भाराखालीही अचानक तुटू शकतो. मुलाम्यानंतर लवकरच सुमारे १९०° से. तापमानास काही तास तापविल्यास हा हायड्रोजन निघून जातो. हे तापविणे झाले की नाही, हे चकचकीत मुलाम्याकडे पाहून ओळखता येत नाही; कार्यशाळेच्या भट्टीच्या नोंदीवरूनच ते कळते. म्हणून बाहेरून करून घेतलेल्या प्रत्येक कामाबरोबर प्रक्रियेचा लेखी दाखला घेणे, हा विमान बांधणाऱ्याचा नियम असावा. मुंबई-पुणे रस्त्यावर नादुरुस्त झालेली मोटार कडेला घेता येते. विमानास तशी सोय नसते आणि काम देणाऱ्याने ही गोष्ट कार्यशाळेस आधीच समजावून सांगणे इष्ट असते.

तपासनीस व नोंदवही : उत्तम तपासनीस त्याच प्रकारचे विमान बांधलेला किंवा दुरुस्त केलेला असतो. परवानाधारक विमान-देखभाल अभियंत्यास मानके व कागदपत्रे यांची पक्की जाण असते, पण त्याचा अनुभव मोठ्या धातूच्या विमानांचा असल्यास लाकडी सांध्याविषयी त्याचा सल्ला अपुरा ठरू शकतो. ग्लायडर-केंद्रांत लाकूड व कापड हाताळलेल्या जुन्या कारागिरांची नजर अशा कामी मोलाची असते. एकाच माणसास सर्व विषय येत नाहीत, म्हणून रचना, एंजिन व विद्युत्-व्यवस्था यांसाठी वेगवेगळे जाणकार बोलाविणे श्रेयस्कर. तपासनीस मित्र असल्यास संकोचापायी दोष सांगणे टळू शकते. यासाठी आरंभीच त्यास स्पष्ट मुभा द्यावी लागते.

प्रत्येक भेटीची नोंद वहीत तारीख, पाहिलेला भाग, आढळलेला दोष, केलेली दुरुस्ती व सही अशा क्रमाने होते. झाकण्यापूर्वीची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून घेतात. डिंकाच्या कालवणाचा क्रमांक, त्या दिवशीचे तापमान व आर्द्रता, नट आवळण्याचे बल, मालाची प्रमाणपत्रे हे सर्व या वहीत जाते. अमेरिकेत विमान हौशी निर्मितीच्या वर्गात बसण्यासाठी अर्ध्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने स्वतः केले असल्याचे दाखवावे लागते. त्याचाही पुरावा हीच वही होय. दोषांची नोंद नसलेली वही तपासनिसाच्या समाधानाचा विषय नसते. तीत दोष सापडल्याचे व ते काढल्याचे दिसले, म्हणजे तपासणी खरोखर झाली असे समजावे.

मर्यादा : तपासनिसाची सही ही हमी नसते. तो दिसेल तेवढ्यावर मत देतो. विमान सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची व उडविणाऱ्याची राहते. शिवाय हौशी वर्गात आराखड्यापासून दूर जाण्याची मोकळीक असते आणि या मोकळिकीची किंमत कधी दुसराच माणूस चुकवितो. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ लाँग-ईझेड प्रकारचे विमान कोसळून मरण पावले. ते विमान त्यांनी बांधलेले नव्हते, नुकतेच विकत घेतले होते. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये असलेली इंधनाची टाकी बदलण्याची कळ बांधणाऱ्याने डाव्या खांद्यामागे बसविली होती. तेथे हात पोहोचविण्यासाठी वैमानिकास आसनात मागे वळावे लागे आणि तसे वळताना पायाने सुकाणूची पट्टी दाबली जाण्याचा धोका होता. कळीवर खुणाही नव्हत्या. सांधे, तुळई व पंख यांच्या बलाशी या दोषाचा संबंध नव्हता. म्हणून तपासनिसाने विमानाची बांधणी पाहण्याबरोबर वैमानिकाच्या आसनात बसून, पट्टा आवळून, प्रत्येक कळीपर्यंत हात पोहोचतो काय हेही पाहिले पाहिजे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारण उड्डयनातील विमानांत हौशी विमानांचे प्रमाण सुमारे १०% असता, २०११ मधील अपघातांत ते सुमारे १५% व प्राणघातक अपघातांत सुमारे २१% आढळले. एंजिनाची शक्ती जाणे व उड्डाणात नियंत्रण सुटणे ही प्रमुख कारणे होती. विमानाची पहिली काही उड्डाणे आणि जुन्या विमानाची नव्या मालकाच्या हातची पहिली काही उड्डाणे अधिक धोक्याची असल्याचेही दिसून आले. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष मोजून केलेली परीक्षा टाळू नये आणि विमान विकताना त्याची नोंदवही व पूर्ण उघडून केलेली नवी तपासणी त्याच्याबरोबर जावी. बांधणाऱ्यास विमानातील जे बदल पाठ असतात, ते नव्या मालकास केवळ या वहीतून कळू शकतात.